दुसरी हाक

१

दोऱ्याच्या कारखान्यात बायकांची पाळी सुरू होण्याआधी पाळणाघरात नुसती धांदल उडालेली असे. कुणाची बाटली गळकी निघे, कुणाचे लंगोट घरीच राहिलेले असत, कुणाचं मूल आईच्या गळ्याला असं लटके की सोडवताना दोघींना घाम फुटे. धाकटीच्या गोटीचं तसं काही नव्हतं. यंत्रावरच्या बायकांत सगळ्यांत लहान म्हणून तिला धाकटी म्हणत, आणि तिची लेक गोल गरगरीत म्हणून ती गोटी. पाळण्यात ठेवलं की गोटी मुकाट छताकडे बघत पडून राही. आई गेली काय आणि राहिली काय.

"नशीब काढलंस बाई," बाकीच्या म्हणत. "आमची कार्टी बघ, नुसती अंगाला चिकटून बसतात."

धाकटी हसे, पण मनात म्हणे, रडत नाही म्हणजे ही आपल्याला ओळखतच नसेल का? बाळंतपणानंतर फार लवकर कामावर यावं लागलं होतं. नवऱ्याची नोकरी लांबच्या गावी, तो सुट्टीपुरता येणार. घरात मूल सांभाळायला दुसरं माणूस नाही. दिवसभर लेक परक्या हाती सोपवायची आणि संध्याकाळी झोपाळलेलं गाठोडं उचलून न्यायचं. एक दिवस ही पोर आपल्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तशी बघेल, हे भय तिच्या मनात घर करून बसलं होतं. त्यावर तिने एकच उतारा शोधला होता. गोटी रडली की पोचायचं. दर वेळी पोचायचं, आणि आपणच पोचायचं.

तशी सोय कारखान्यात होती. प्रत्येक पाळण्याला एक छोटा माइक, आणि त्या मुलाच्या आईच्या यंत्रावर एक लाल दिवा. मूल रडलं की दिवा लागे. आई यंत्र थांबवून पाळणाघरात जाई आणि पाळण्याच्या दांडीवरचं, 'आले' असं लिहिलेलं बटण दाबी. मग दिवा विझे. पण मध्यंतरी साहेबांनी हे सगळं सांभाळणारा जुना प्रोग्रॅम काढून नवा आणला, आणि त्या नव्याने ताळतंत्र सोडलं. एकीचं मूल रडलं की दुसरीचा दिवा लागे. कुणी शिंकलं की सगळे दिवे एकदम. बायका धावून धावून वैतागल्या, यंत्रांवर सुताचा गुंता झाला, आणि शेवटी जुनाच प्रोग्रॅम परत बसवायचं ठरलं.

त्यासाठी बाहेरून एक माणूस बोलावला.

२

हा माणूस मोडीत निघालेले प्रोग्रॅम दुरुस्त करतो, एवढं कळल्याबरोबर शेजारच्या यंत्रावरच्या चष्मेवालीने त्याचं बारसं करून टाकलं. भंगारशेठ. त्याच्या कानावरही ते गेलं, आणि त्याला काही वाटलं नाही असं दिसलं.

पाळणाघराला लागून असलेल्या काचेच्या खोलीत त्याला बसवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत धाकटी गोटीला पाजायला बसे तेव्हा काचेतून तो दिसे. मोठ्या स्क्रीनवर अक्षरांच्या ओळी, आणि हा हनुवटीखाली मूठ धरून त्यांच्याकडे बघतोय. हात चालत नाहीत, काही नाही. एकदा न राहवून तिने दारातून विचारलं, "दादा, काम कधी करता तुम्ही?"

"वाचतोय की."

"प्रोग्रॅम वाचतात होय?"

"बरेचसे वाचवत नाहीत. हा वाचावासा वाटतो." त्याने खुर्ची फिरवली. "या, बघा. रडणं ऐकणारा तुकडा फक्त ऐकतो. दिवा लावणारा फक्त दिवा लावतो. कुणी कुणाच्या कामात नाक खुपसत नाही. नावं बघा कशी साधी ठेवलीत. इतक्या वर्षांनी मी उपरा येऊन वाचतोय, तरी कुठे ठेच लागत नाही. ज्याने लिहिलं त्याला ठाऊक असणार, की पुढे कुणीतरी येईल आणि त्याला हे उलगडावं लागेल."

धाकटी सातवीपर्यंत शिकलेली. अक्षरं लागत होती, अर्थ लागत नव्हता. पण उलगडायचं म्हटल्यावर तिला कळलं. "आमच्या रिळांचंही तसंच आहे. चांगल्या हाताने गुंडाळलेलं असलं ना, तर कितीही वर्षांनी ओढा, दोरा सुरसुरत येतो. गाठ कुठे मारलीय ते बोटाला लागत नाही."

"हेच म्हणतोय मी," भंगारशेठ म्हणाला, आणि पहिल्यांदाच खुलला. "नंतरच्या लोकांनी याला ठिगळं लावून वाट लावली. काही भाग तर बंदच करून ठेवलेत. का, ते कुणी लिहून ठेवलं नाही. मी ठिगळं सोडवतोय आणि बंद केलेलं एकेक चालू करतोय. मुळात होता तसा करून देतो."

त्याने तो तसा करून दिला. पहिल्याच दिवशी बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. ज्या मुलाचं रडू, त्याच आईचा दिवा. दार आपटलं, कुणी खोकलं, दिवे गप्प. भुकेचं रडू असलं की दिवा सलग लागून राही. नुसती कुरकुर असली की एकदाच लुकलुके. इतकं शहाणं यंत्र कुणी पाहिलं नव्हतं. चष्मेवाली म्हणाली, "माझ्या सासूलाही एवढं कळत नाही."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. आठवडाभर ती दिवा लागला की सुटायची, बटणावर अंगठा ठेवायची, आणि गोटीच्या डोळ्यांत ओळख शोधायची. ती दिसायला लागली होती.

३

मग एकदा असं झालं. दिवा लागला. धाकटीच्या यंत्रावर नेमका दोरा तुटला होता, तो तसाच सोडता येईना. तिने गाठ मारली, यंत्र थांबवलं आणि निघाली. यंत्रांच्या दोन रांगांमधला बोळ लांबलचक, वर आवाज असा की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येऊ नये. बोळाच्या तोंडाशी पोचल्यावर तिने सवयीने मागे वळून पाहिलं.

दिवा विझलेला होता.

पाळणाघरात शांत होतं. तिथली मावशी पलीकडच्या टोकाला जुळ्यांना भरवत बसली होती. गोटीचा पाळणा अलीकडच्या कोपऱ्यात, कोठीच्या दाराजवळ. गोटी जागी होती, आणि पाळणा अजून हलत होता.

"मावशी, तुम्ही आलात होय इकडे?"

"मी कुठे येऊ? दोघं कसे आ वासून बसलेत बघतेस ना."

"बटण कुणी दाबलं मग?"

"दाबलं असेल कुणी आल्यागेल्याने."

असेल. धाकटीला क्षणभर बरंच वाटलं. लेक रडत राहिली नाही ना, मग झालं. यंत्राकडे परतताना तिच्या डोक्यात आलं, की आल्यागेल्याला आपण येताना पाहिलं कसं नाही? पाळणाघराला बाहेरचं दार एकच. पण काम पडलं होतं, आणि तो विचार तिने तिथेच सोडला.

पुढच्या दिवशी पुन्हा तेच. नंतर पुन्हा. ती लगबगीने निघे आणि अर्ध्या वाटेवर दिवा विझे. एकदा तर ती सगळ्यांच्या देखत पळत सुटली. पोचली तेव्हा गोटी हसत होती. तिच्या ओठांवर ओल होती. सकाळी धाकटीने तिचे चार केस डावीकडून विंचरले होते. आता ते उजवीकडे वळवलेले होते. कुणीतरी ओल्या तळव्याने चापून बसवावेत तसे.

४

"प्रोग्रॅम बिघडलाय तुमचा," तिने भंगारशेठला सांगितलं. "मी पोचायच्या आत दिवा जातो."

त्याने तिचं म्हणणं हसण्यावारी नेलं नाही. स्क्रीनवर बराच वेळ वरखाली केलं, मग तिला खुर्ची दिली.

"दिवा विझवणारी ओळ सगळ्या प्रोग्रॅममध्ये एकच आहे. ही. हिच्यापर्यंत यायला वाटही एकच, पाळण्याचं बटण. दुसरीकडून कुठूनही इथे येता येत नाही. मी मुद्दाम उलटं चालून बघितलं."

"वायर कुठे चिकटली असेल."

"त्याचाही विचार केलाय लिहिणाऱ्याने. बटण दाबून धरावं लागतं, माणसाच्या अंगठ्याने धरावं तितकं. वायर चिकटली तर दिवा विझत नाही, लुकलुकत राहतो. खरं सांगू का? दुसऱ्या कुणाचा प्रोग्रॅम असता, अगदी माझा असता, तर मी म्हटलं असतं की चूक असेल, बघतो. यात चुकीला जागाच ठेवलेली नाही."

हे बोलताना त्याच्या आवाजात कौतुक होतं. धाकटीला ते सहन होईना. तिला चूक हवी होती. मोठी, ढळढळीत, पुसून टाकता येईल अशी.

"म्हणजे कुणीतरी दाबतंय."

"कुणीतरी दाबतंय," तो म्हणाला. "मावशींना विचारा."

मावशीने कपाळाला हात लावला. "अगं, माझे गुडघे बघितलेस का? मी इथून उठून त्या कोपऱ्यापर्यंत जाईतो तुझी पोर शाळेत जायला लागेल. आणि दाबलं तर सांगणार नाही का? त्यात काय चोरी आहे?"

त्यात चोरी काहीच नव्हती, हे धाकटीलाही पटलं. म्हणूनच तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

५

मग दिवा लागायचाच कमी झाला. आधी दिवसातून बरेचदा लागे, तो एखाद्याच वेळी लागू लागला, आणि कधी कधी पाळी संपेपर्यंत काचेचा तो तांबडा डोळा मेलेलाच राही.

"रुळली हो तुझी," चष्मेवाली म्हणाली. "आता तरी नीट काम कर. मान मोडेल एखाद्या दिवशी मागे बघून बघून."

रुळली असेल. मुलं रुळतात. धाकटी स्वतःला समजावी. रडत नाही म्हणजे सुखात आहे, सुखात आहे म्हणजे चांगलंच आहे, कोणती आई लेकीच्या रडण्याची वाट बघत बसते? पण पाजायला घेतलं की गोटी तोंड फिरवी. मावशी सांगे, बाटलीला हात लावलेला नाही. आणि गोटीचे गाल तर दिवसेंदिवस भरत चालले होते.

सुट्टीला नवरा आला. दुपारी तो गोटीजवळ लोळत पडला होता, धाकटी ओट्यापाशी. गोटीने रडायला तोंड उघडलं, धाकटी हात पुसत वळली, तोवर रडू थांबलं होतं.

"अगं, गंमत बघ हिची," नवरा म्हणाला. "मघापासून असंच करते. एक हुंदका देते आणि गप्प होऊन दाराकडे बघते. कुणाची वाट बघतेय गं ही?"

"माझी."

"तू तर इकडे आहेस."

धाकटीने पुढे होऊन लेकीला उचललं. गोटीने तिच्याकडे पाहिलं, नीट, शांतपणे. मग पुन्हा मान वळवून दाराकडे.

"तुझं आपलं काहीतरीच असतं," नवरा नंतर म्हणाला, तिने सगळं सांगितल्यावर. "पोर रडत नाही म्हणून रडणारी आई मी पहिलीच बघतोय. नोकरी सोडलीस तर भागेल का आपलं, ते सांग." भागणार नव्हतं, ते दोघांनाही माहीत होतं.

६

भंगारशेठने तिला स्वतःहून बोलावलं. बंद करून ठेवलेला आणि त्याने परत चालू केलेला एक तुकडा त्याला आता नीट लागला होता, आणि तो तिला दाखवल्याशिवाय त्याला चैन पडेना.

"किती विचार केलाय बघा. समजा आईचं यंत्र थांबत नाहीय, आई पोचत नाही. तर मूल रडत ठेवायचं नाही. थोडा वेळ थांबून हा दुसरी हाक देतो."

"कुणाला?"

"दुसऱ्या दिव्याला. पूर्वी त्यासाठी कुणी बाई बसवत असतील. प्रत्येक पाळण्यामागे रांगेत दोन नावं ठेवलीत. एक आई, आणि एक ही."

"तो दिवा आहे कुठे?"

त्याने याचा विचार केलेला दिसला नाही. तो उठला, आणि वायर बघत बघत दोघं पाळणाघरात आले. वायर भिंतीच्या कडेने गोटीच्या कोपऱ्यापर्यंत जात होती आणि कोठीच्या दारावरून आत शिरत होती. दाराला कडी नव्हती. त्याने ते लोटलं.

आत रिकाम्या रिळांची पोती छतापर्यंत रचलेली. एक उंच खिडकी, तिच्यातून दुपारचं पांढरट ऊन. सगळ्यावर धुळीचा जाड थर. भिंतीवर लाल दिवा, आणि त्याच्यासमोर, दिव्याकडे तोंड करून बसता येईल असं, एक लाकडी स्टूल.

स्टुलाच्या पायांवर धूळ होती. बैठकीवर नव्हती. बैठक तुळतुळीत होती, रोज वापरातली असावी तशी.

"मावशी बसत असतील," भंगारशेठ म्हणाला.

धाकटी काही म्हणणार, तेवढ्यात मागे पाळणाघरात गोटीने एक हुंदका दिला. भिंतीवरचा दिवा लागला. स्टूल करकरलं, भार उतरल्यावर लाकूड करकरतं तसं. आणि दारात उभे असलेले ते दोघं, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला, बाजूला झाले. कुणी सांगितलं नव्हतं. समोरून माणूस आलं की वाट द्यावी तशी त्यांच्या पायांनी आपसूक वाट दिली.

दोघांच्या मधून काहीतरी थंड, ओलसर गेलं.

दिवा विझला.

भंगारशेठने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "वायर जुनी आहे," तो म्हणाला. धाकटी तोवर वळली होती. गोटी डोळे मिटून पडली होती. तिचं दुपटं अंगाभोवती गुंडाळून टोक पाठीखाली दाबलेलं होतं. धाकटी तसं कधीच गुंडाळत नसे.

७

"ती हाक काढा," तिने सांगितलं.

"अशा प्रोग्रॅमला मी हात लावत नाही. त्याची एकही ओळ वायफळ नाही. काढली तर कुठे काय उसवेल ते कळलं पाहिजे आधी."

"मग दिवा काढा त्या खोलीतला."

"दिवा काढला तरी हाक जाणारच."

"दादा, बाकीच्यांचं मला माहीत नाही. माझ्या पोरीच्या पाळण्यामागचं ते दुसरं नाव पुसा. ती माझी आहे. रडली तर रडू दे, उशीर झाला तर होऊ दे, मी येईन."

त्याने स्क्रीनवर त्या पाळण्याची रांग काढली. कोठीच्या दाराकडे मात्र त्याने पाहिलं नाही, आणि त्यावरूनच धाकटीने ओळखलं की हा ऐकणार. शेवटी त्याने दोनतीन कळा दाबल्या. "झालं. त्या पाळण्याच्या रांगेतली दुसरी काढली. आता एकीलाच हाक जाईल."

धाकटी यंत्रावर आली ती हलकी होऊन. किती दिवसांनी तिचे हात नीट चालत होते. दोरा तुटला की ती चटकन गाठ मारी आणि दिव्याकडे नजर टाकी. लागला की सुटायचं. चष्मेवालीला तिने सांगूनही ठेवलं, "मी पळाले तर माझं यंत्र बंद कर गं."

दिवा लागला नाही. झोपली असेल. रिळं भरत गेली, भरलेली निघाली, रिकामी चढली. दिवा लागला नाही. पाजायची वेळ टळत चालल्याचं तिच्या छातीला कळत होतं, कपडा ओला झाला होता. भुकेच्या वेळी तरी गोटी रडतेच. इतका वेळ ती रडलीच नाही असं कसं होईल?

बोळातून कुणीतरी पळत येत होतं. पुरुषमाणसाने त्या रांगांमध्ये यायची पद्धत नव्हती, म्हणून बायकांनी यंत्रं सोडून माना वळवल्या. भंगारशेठ होता. तो तिच्या अगदी कानाशी येऊन बोलला, आवाजच तेवढा होता.

"ताई, ती रांग बदलती आहे. मी आत्ता पाहिलं. जी लवकर पोचते तिला तो पुढे घेतो. मुलाला थांबावं लागू नये म्हणून. चांगलीच गोष्ट आहे ती, चांगल्या मनाने लिहिलेली..." त्याला धाप लागली होती. "दुसरी काढताना दुसऱ्या जागी आता कोण आहे ते मी बघितलंच नाही."

"कोण होतं?"

त्याने तिच्या यंत्रावरच्या विझलेल्या दिव्याकडे बोट दाखवलं.

धाकटी निघाली. पाळणाघराच्या दारात मावशीने तोंडावर बोट ठेवलं आणि समजुतीने हसली. आत्ताच निजलीय, अशी मानेने खूण केली.

कोपऱ्यात पाळणा संथ हलत होता. गोटी कुशीवर झोपली होती, गाल लाल, ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. एक हात दुपट्याबाहेर, वर धरलेला. मूठ मिटलेली होती, पण पुरती नाही. तान्ही मुलं मोठ्या माणसाचं बोट धरून झोपतात तशी ती गोल मिटली होती, मध्ये बोटभर पोकळी ठेवून. आणि ती मूठ हळूहळू वर जात होती, खाली येत होती.

धाकटीने वाकून आपलं बोट त्या पोकळीत सरकवायला नेलं.

ते आत गेलं नाही. तिने थोडा जोर केला. जागा नव्हती.